जुन्या सीडीतलं फ्लॅश ॲनिमेशन: आजीचा आवाज परत मिळेल का?

रेघ (धागाकर्ती) | रविवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी,

घर रंगवायला काढलंय म्हणून माळा उपसला. पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी एक सीडी सापडली. वर मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पाऊस, अंतिम, २००४'.

२००३ ते २००९ मी पुण्यात ई-लर्निंगमध्ये ॲनिमेटर होते. दिवसभर कंपनीचं काम, म्हणजे परदेशातल्या विमा कर्मचाऱ्यांसाठीचे धडे वगैरे, आणि रात्री घरी आपलं स्वतःचं काहीतरी. 'पाऊस' त्यातलंच. तिसरी-चौथीच्या मुलांना जलचक्र कळावं म्हणून फ्लॅश या तेव्हाच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये केलेली चार मिनिटांची फिल्म. गोष्ट सांगते माझी आजी. खिडकीला गोधड्या लावून, पंखा बंद करून, ऐन मे महिन्यात तिचा आवाज रेकॉर्ड केला होता. आजी २००८ मध्ये गेली. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीही नोंद आमच्या घरात नाही.

सीडीवर दोनच फाइली आहेत. एक एक्झी (स्वतः चालणारी) आणि एक एसडब्ल्यूएफ (फ्लॅशमधून तयार होऊन निघालेली). मूळ एफएलए, म्हणजे फ्लॅशमध्ये उघडून बदलता येते ती कामाची फाइल, ज्या हार्डडिस्कवर होती ती कधीच गेली, आवाजाची वेव्ह फाइलही तिच्यासोबतच. एसडब्ल्यूएफ ब्राउझरमध्ये ओढली तर नुसतीच डाउनलोड होते. इतक्या जुन्या एक्झीवर डबल क्लिक करायला हात धजत नाही.

यातून काय काय वाचवता येईल? शिवाय या निमित्ताने ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांनी लिहावं असंही वाटतं. आमचं हे अवजार आलं कुठून, गेलं कुठे आणि त्याच्या जागी आता काय आहे?

डोंबिवलीकर | रविवार, दुपारी १:०५

रेघताई, आधी सीडीची आयएसओ प्रत काढा (अख्खी सीडी जशीच्या तशी एका फाइलमध्ये), मग बाकी सगळं. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षागणिक खराब होत जातो. आज वाचली म्हणून उद्या वाचेलच असं नाही.

मग एक्झी बिनधास्त चालवा. तो 'प्रोजेक्टर' असणार. फ्लॅशमधून पब्लिश करताना ती खूण केली की प्लेअर (फाइल चालवणारा प्रोग्रॅम) आणि तुमची फाइल असं दोन्ही एकत्र बांधून मिळायचं. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेअर थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच फाइली चालवायला नकार देऊ लागला, पण ती मुदत ब्राउझरमधल्या प्लगइनला (ब्राउझरला जोडलेल्या प्लेअरला) होती. २००४ च्या प्रोजेक्टरमध्ये तसं काहीच नाही.

रेघ | रविवार, दुपारी २:३०

चाललं! पहिल्याच फटक्यात.

चार मिनिटं आम्ही तिघंही उभ्यानेच बघत होतो. आई तर दोनदा उठून स्क्रीनजवळ गेली. लेक नऊ वर्षांची आहे, तिने पणजीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आत्ता याहून जास्त लिहवत नाही. डोंबिवलीकर, मनापासून आभार.

पण हे या एका लॅपटॉपवर अडकून राहू नये. मावशी बेळगावात आहे, तिला फोनवर ऐकता यायला हवं.

काळा_फळा | रविवार, संध्याकाळी ६:४५

फार छान वाटलं वाचून. तुम्ही इतिहास विचारलात म्हणून लिहितो. मी १९९६ पासून या धंद्यात आहे, सुरुवात डिरेक्टर या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरवर सीडी-रॉम करण्यापासून झाली.

डिरेक्टरची मुळं १९८५ मधली. मॅकिंटॉशवर 'व्हिडिओवर्क्स' नावाचं सॉफ्टवेअर होतं, मॅक्रोमाइंड कंपनीचं. पुढे तेच डिरेक्टर झालं आणि कंपनी मॅक्रोमीडिया. त्यातले शब्द नाटक-सिनेमाचे होते. चित्रं दिसतात ते स्टेज, पात्रं म्हणजे कास्ट, आणि कोणी कधी यायचं ते लिहायचा तक्ता म्हणजे स्कोअर. १९९५ मध्ये शॉकवेव्ह हे प्लगइन आलं आणि डिरेक्टरचं काम ब्राउझरमध्ये दिसू लागलं. अडचण वजनाची होती. डिरेक्टरची चित्रं बहुतेक पिक्सेलची. व्हीएसएनएलच्या डायल-अपवर सेकंदाला चार-पाच केबी उतरायचे, म्हणजे अर्ध्या एमबीच्या फाइलसाठी दोन मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसायचं.

फ्लॅशचा उगम मात्र ॲनिमेशनमध्ये नाहीच. जोनाथन गे, चार्ली जॅक्सन आणि मिशेल वेल्श यांनी १९९३ मध्ये फ्यूचरवेव्ह काढली, ती पेनने चालणाऱ्या संगणकांवर चित्र काढायचं सॉफ्टवेअर करायला. नाव होतं स्मार्टस्केच. १९९४ च्या सुरुवातीला एटी अँड टीने पेन-संगणकांतून अंग काढून घेतलं आणि यांच्या हातात गिऱ्हाईक नसलेलं सॉफ्टवेअर उरलं. त्यांनी ते विंडोज आणि मॅकवर आणलं. तिथे लोक म्हणू लागले, यात ॲनिमेशन घाला. आधी ब्राउझरमध्ये जावाच्या जोरावर चालवून पाहिलं, ते भयंकर हळू चालायचं. नेटस्केपने प्लगइनची सोय दिली तेव्हा कुठे वेग आला. मधल्या काळात, १९९५ मध्ये, त्यांनी हे ॲडोबीला विकायचा प्रयत्न केला होता, ॲडोबीने घेतलं नाही. १९९६ मध्ये ते 'फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर' नावाने बाजारात आलं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनने आणि डिस्नेने वापरलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये मॅक्रोमीडियाने कंपनीच विकत घेतली. फ्यूचर आणि स्प्लॅश आखडून 'फ्लॅश' झालं.

ज्यांनी फ्लॅशमध्ये चित्र काढलंय त्यांना पेन्सिल टूल आठवत असेल. वेडीवाकडी रेघ मारली की सोडल्याक्षणी ती आपोआप सुबक व्हायची. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या की छेदाच्या जागी तुटायच्या आणि मधला तुकडा वेगळा उचलता यायचा. इतर बहुतेक व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये (पिक्सेलऐवजी रेघा-आकारांनी चित्र साठवणाऱ्या) असं होत नसे. तो सगळा स्मार्टस्केचचा वारसा. पेन हातात धरणाऱ्यासाठी जे केलं होतं तेच पुढे माउस धरणाऱ्यांच्या उपयोगी पडलं.

फाइल हलकी का असायची तेही सांगतो. झाडाचं पान एकदा काढून सिम्बॉल (पुन्हा पुन्हा वापरता येणारं चित्र) केलं की एसडब्ल्यूएफमध्ये ते एकदाच लिहिलं जातं. पुढे शंभर पानं दाखवली तरी फाइलमध्ये फक्त कुठे, किती फिरवून, किती मोठं एवढेच आकडे. शिवाय फाइल फ्रेमच्या क्रमाने रचलेली, त्यामुळे पहिल्या फ्रेम उतरल्या की चित्र सुरू, बाकीचं मागून येत राहतं.

अनुस्वार | रविवार, रात्री ८:२०

काळा_फळा, सुरेख प्रतिसाद. मराठीपुरती भर घालतो, कारण ही बाजू कोणी लिहीत नाही.

२००० च्या आसपास वेबवर मराठी वाचायचं म्हणजे प्रत्येक वर्तमानपत्राचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यायचा. नाही घेतला तर पानभर रोमन अक्षरांची खिचडी. फ्लॅशमध्ये तो प्रश्नच नव्हता. स्टॅटिक टेक्स्ट (न बदलणारा मजकूर) वापरला की जेवढी अक्षरं वापरली तेवढ्यांचे आकार फाइलमध्येच जायचे. आम्ही श्रीलिपी किंवा सीडॅकच्या योगेश फॉन्टमध्ये टाइप करायचो आणि न्यूजर्सीतल्या माणसालाही ते जसंच्या तसं दिसायचं. मराठी वेबवर सुंदर अक्षर पहिल्यांदा मी फ्लॅशमध्ये पाहिलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्लॅश एमएक्स या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) होतं म्हणायला. पण एम्बेड केलेल्या युनिकोड फॉन्टमध्ये देवनागरी टाकलं की जोडाक्षरं सुटी व्हायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. 'किनारा' लिहायला जावं तर वेलांटी 'क'च्या उजवीकडे लोंबायची. प्लेअरला आपली लिपी मांडताच यायची नाही. ते शहाणपण फ्लॅश प्लेअर १० मध्ये आलं, २००८ साली. तोपर्यंत आम्ही काय करायचो? मजकूर टाइप करून दोनदा कंट्रोल-बी. पहिल्यांदा अक्षरं सुटी, दुसऱ्यांदा त्यांचे निव्वळ आकार. एकदा आकार झाला की शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला पुन्हा सगळं टाइप.

रेघताई, तुमच्या फाइलमधला मजकूर बाहेर काढाल तेव्हा तो एकतर आकारांच्या रूपात मिळेल, नाहीतर जुन्या फॉन्टचे रोमन संकेत मिळतील. दुसरं असेल तर मला कळवा, मी युनिकोडमध्ये बदलून देईन. हौसेने करतो हे काम.

वेबवाला_नाशिक | रविवार, रात्री १०:०५

सगळ्यांच्या आठवणींचा आदर आहे, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी २००७ पासून वेबसाइट बांधतोय आणि फ्लॅश गेलं ते बरंच झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा मामेभाऊ जन्मांध आहे, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करतो. २००८ मध्ये त्याला एका परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि ती अख्खी साइट फ्लॅशमध्ये होती. रीडर पानावर जायचा आणि गप्प व्हायचा. सगळी बटणं तिथेच होती, त्याच्यासाठी मात्र पान रिकामं. शेवटी मी फोनवर एकेक रकाना वाचून दाखवला. फ्लॅशमध्ये सुगम्यतेची, म्हणजे अशा लोकांनाही वापरता यावं याची, सोय २००२ पासून होती, पण ती मुद्दाम घालावी लागायची आणि कोणी घालत नसे. 'दोनदा कंट्रोल-बी' म्हणजे तर मराठी मजकूर कायमचा मुका करणं. तो शोधता येत नाही, वाचून दाखवता येत नाही, कॉपी होत नाही.

त्यात सुरक्षेची भोकं. २०१५ मध्ये एकामागून एक इतकी निघाली की फायरफॉक्सने काही काळ प्लगइनच अडवून धरलं. आणि हे सगळं एका कंपनीच्या मर्जीवर. आधी मॅक्रोमीडिया, २००५ पासून ॲडोबी.

मग पर्याय का नव्हता? होता. एसव्हीजी हा वेबवरच्या चित्रांचा प्रकार २००१ मध्येच प्रमाणित झाला होता, तेही व्हेक्टर, तेही हलकं, आणि आतला मजकूर मजकूरच राहतो. पण इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ते थेट चालायला २०११ उजाडलं, नववी आवृत्ती. कॅनव्हास (वेबपानावर कोडने चित्र काढायची जागा) ॲपलने २००४ मध्ये आणला, त्याचीही तीच गत. त्या काळी बहुतेक लोक एक्स्प्लोररवर होते, त्यामुळे दहा वर्षं फ्लॅशला प्रतिस्पर्धीच नव्हता. २००७ मध्ये आयफोन फ्लॅशशिवाय आला, एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून नकाराची कारणं दिली, नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलवरचं फ्लॅश सोडलं. २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबनेही मूळ प्लेअर म्हणून एचटीएमएल५ (वेबपानांची प्रमाण भाषा, प्लगइन न लागणारी) घेतला.

आज सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) चार ओळींत जे हलतं त्यासाठी तेव्हा प्लगइन लागायचं. मला तरी जुने दिवस परत नकोत.

रेघ | सोमवार, सकाळी ७:१५

वेबवाला, तुमच्या मामेभावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तो मुद्दा पूर्ण मान्य. आम्ही सुगम्यतेचं पॅनेल उघडूनही बघत नव्हतो, मीसुद्धा.

पण तुम्ही जे लिहिलंत ते सगळं प्लेअरबद्दल आहे. मला हळहळ वाटते ती अवजाराची. ही दोन वेगळी आहेत आणि एकाला शिक्षा देताना दुसरंही गेलं, असं मला मनापासून वाटतं.

माझं टेबल कसं होतं सांगते. मधे स्टेज, ५५० बाय ४००. वर टाइमलाइन. एफ६ दाबलं की कीफ्रेम (जिथे चित्र बदलतं ती फ्रेम), एफ५ ने तीच फ्रेम लांबवायची, एफ८ ने चित्राचा सिम्बॉल. ओनियन स्किन लावला की आधीच्या फ्रेमा पुसट दिसायच्या, जशी पातळ कागदाखालून. ट्वीन (दोन कीफ्रेमांमधली आपोआप भरली जाणारी हालचाल) नीट बसलं की टाइमलाइनवर सलग बाण, बिघडलं की तुटक रेघ. मग कंट्रोल-एंटर, आणि जे काढलं ते चालताना समोर. कोडही तिथेच, त्याच फ्रेमवर. ढगावर क्लिक केलं की पाऊस पडायला हवा, तर ढगावरच लिहायचं. मी कला शाखेची. प्रोग्रॅमिंग मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते ढगापासून शिकले.

आजीच्या तोंडाचंच बघा. एक ग्राफिक सिम्बॉल, त्यात अकरा फ्रेमा: मिटलेले ओठ, 'आ', 'ई', 'ओ', दातांवर जीभ, असं करत. मग आवाज टाइमलाइनवर टाकून एकेक फ्रेम पुढे सरकत ऐकायचं आणि कुठल्या फ्रेमला कुठलं तोंड ते लावायचं. 'पाऊस' म्हणताना 'पा'च्या आधी एक फ्रेम ओठ मिटलेले हवेत, नाहीतर शब्द खोटा वाटतो. सेकंदाला बारा फ्रेमा, चार मिनिटं, एकूण २८८०.

आणि आवाज 'स्ट्रीम' ठेवायचा. 'इव्हेंट' ठेवला तर तो आपला सुटतो आणि हळू संगणकावर चित्र मागे पडतं, आजी बोलून थांबते तरी तोंड हलत राहतं. स्ट्रीममध्ये चित्र आवाजाच्या मागे धावतं, वेळ पडली तर फ्रेमा गाळतं पण आवाज सोडत नाही. ही गोष्ट मला एका सहकाऱ्याने चहाच्या टपरीवर समजावली होती.

आज सीएसएसच्या चार ओळी लिहिणाऱ्याचं काम सोपं झालं, खरं आहे. चित्र काढणारीचं काय झालं?

सायली_म | सोमवार, सकाळी ११:४०

रेघताई, मी तुमच्या प्रश्नाच्या आजच्या टोकाला आहे म्हणून लिहिते. सहा वर्षं मोशन डिझाइनमध्ये आहे, फ्लॅश कधी उघडलेलंच नाही.

आमच्याकडे काम असं चालतं: चित्रं एका सॉफ्टवेअरमध्ये, हालचाल आफ्टर इफेक्ट्समध्ये, मग बॉडीमूव्हिन नावाच्या प्लगइनने त्याची जेसन फाइल काढायची. ती लॉटी नावाचा प्लेअर ॲपमध्ये किंवा वेबवर चालवतो. लॉटी एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुलं केलं. नाव लोटे रायनिगर या जर्मन बाईंवरून, ज्यांनी काळ्या कागदाच्या सावल्या कापून १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला. मला ते नाव फार आवडतं.

पण क्लिकवर काय व्हायचं ते मी ठरवत नाही. मी फाइल देते, डेव्हलपर ती बसवतो. ढगावर क्लिक केल्यावर पाऊस हवा असेल तर मला तिकीट (डेव्हलपरकडे कामाची मागणी) टाकावं लागतं आणि ते पुढच्या आठवड्यात होतं. तोवर मला वेगळंच काही सुचलेलं असतं. अलीकडे राइव्ह वापरायला लागले, त्यात चित्र, हालचाल आणि कशामुळे काय व्हायचं ते एकाच जागी करता येतं. तुमचं टेबलाचं वर्णन वाचताना मला तेच आठवत होतं.

आणि वारसा पुसलेला नाही. जीसॅप ही आज वेबवर सगळीकडे दिसणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी मुळात ॲक्शनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे फ्लॅशच्या कोडच्या भाषेत, जन्मली. खुद्द फ्लॅशचं नाव २०१६ मध्ये 'ॲनिमेट' झालं, आणि एचटीएमएल५ कॅनव्हासमध्ये फाइल तर ते त्याआधीच काढून देऊ लागलं होतं.

वेबवाला_नाशिक | सोमवार, दुपारी १:२०

रेघताई, प्लेअर आणि अवजार वेगळं हा मुद्दा पटला. मी नेहमी ब्राउझरच्या बाजूनेच बघत आलो. प्रमाणं ठरवणारे आणि ती वापरणारे दोघंही प्रोग्रॅमर, त्यामुळे ढगावर बसून लिहिण्याची जागा कोणी आखलीच नाही.

डोंबिवलीकर | सोमवार, रात्री ९:००

आता मूळ कामाकडे. ताई, तुमची एसडब्ल्यूएफ हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा. पहिली तीन अक्षरं एफडब्ल्यूएस असतील तर फाइल उघडी, सीडब्ल्यूएस असतील तर दाबलेली. दोन्ही चालतील. तीच अक्षरं धड दिसत नसतील तर फाइल खराब, मग सीडी पुन्हा वाचावी लागेल.

बेळगावच्या मावशींसाठी 'रफल' वापरा. रस्ट भाषेत लिहिलेला खुला एम्युलेटर (फ्लॅश प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे, प्लगइनशिवाय ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरही. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून फ्लॅशचा संग्रह त्याच्याच जोरावर उभा केलाय. २००४ ची फाइल म्हणजे जुनं ॲक्शनस्क्रिप्ट, ते रफलला चांगलं जमतं.

आतला माल काढायला जेपेक्स डीकम्पायलर, म्हणजे तयार फाइल उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम. आकार एसव्हीजीमध्ये निघतात, आवाज एमपी३ मध्ये, हवी तर एफएलएसुद्धा रचून देतो. ती तुमची मूळ एफएलए मात्र नसेल. लायब्ररीत दिलेली नावं एसडब्ल्यूएफमध्ये जात नाहीत, लेअरही नाहीत. 'आजी_तोंड' सापडणार नाही, 'शेप ४७' सापडेल. म्हणून इतर कोणाकडे एफएलए शिल्लक असतील तर त्या आधी जपा, हे कळकळीने सांगतो.

रेघ | बुधवार, रात्री ११:३०

मंडळी, झालं.

पहिली अक्षरं सीडब्ल्यूएस निघाली. रफलवर चाललं, मावशीने बेळगावहून व्हिडिओ कॉल करून ते मलाच परत दाखवलं. अनुस्वार, मजकूर रोमन संकेतांत मिळालाय, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

जेपेक्समध्ये तोंडं अकरा सुट्या शेपमध्ये विखुरलेली होती. काल रात्री बसून अकराही फ्रेमांना पुन्हा नावं दिली. नववी कशासाठी काढली होती ते काही केल्या आठवेना. शेवटी फाइल हळूहळू चालवून बघितली. ती फक्त एकदाच येते, 'ओढ्याला' मधल्या 'ढ्या'ला.

आवाज १६ केबीपीएस मोनो आहे. पब्लिश सेटिंगमध्ये ते मुळातच तसं यायचं आणि मी बदललं नव्हतं. टेलिफोनवर बोलल्यासारखी आजी येते. वेव्ह असती तर, हा विचार दोन दिवस डोक्यातून जात नव्हता.

पण एक गोष्ट घडली. निघालेली एमपी३ चार मिनिटं पाच सेकंदांची आहे, ॲनिमेशन बरोबर चार मिनिटांचं. आधी वाटलं डीकम्पायलरची चूक. मग टाइमलाइन बघितली. 'स्टॉप' मी २८८० व्या फ्रेमवर लिहिलं होतं, पण आवाजाचा लेअर पुढे साठ फ्रेमा तसाच राहिला होता. प्लेअर स्टॉपशी थांबायचा म्हणून ते कधी कोणाला ऐकू आलं नाही. स्ट्रीम आवाज फ्रेमागणिक फाइलमध्ये लिहिला जातो, त्यामुळे ते साठ तुकडे एकवीस-बावीस वर्षं तिथेच होते.

गोष्ट संपते, थोडी शांतता, गोधडी सरकल्याचा आवाज, आणि मग आजी मला म्हणते, "झालं का गं? लाव आता पंखा."